सगळ्यांना बरोबर नेणारे हैबतबाबा

ज्येष्ठ सरत आला की आमच्या हातकणंगल्यात दोन विषय हटकून निघतात. एक पेरणीचा आणि दुसरा वारीचा. पेपरात दिवे घाटाचा फोटो येतो. घाटाच्या वळणावळणांतून वर चढणारी माणसांची रांग, मध्ये रथ, भगव्या पताका आणि डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका. फोटो बघून आपण हात जोडतो, ‘माउली’ म्हणतो आणि पान उलटतो. पण मैत्रिणींनो, त्या रांगेत ऐंशी वर्षांची आजी असते आणि अठरा वर्षांचा पोरगाही असतो. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाच्या कडेवर लेकरू असतं, कुणाला घाट म्हणजे खेळ वाटतो. ही सगळी माणसं आळंदी ते पंढरपूर ही दोनशे किलोमीटरहून जास्त वाट एकत्र कशी चालतात? पुढचा पुढेच निघून का जात नाही? मागचा मागेच का राहत नाही?

या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. त्यांचं नाव गुरू हैबतबाबा आरफळकर. ज्ञानेश्वर माउलींचा स्वतंत्र पालखी सोहळा त्यांनी सुरू केला. वारकऱ्यांच्या घरात हे नाव रोजचं आहे. आपल्यासारख्या लांबून हात जोडणाऱ्यांनाही ते ठाऊक असायला हवं, म्हणून आज त्यांची गोष्ट.

हैबतराव पवार हे साताऱ्याजवळच्या आरफळ गावचे. घराणं वतनदार. तरुणपणी ते उत्तरेत गेले आणि ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार झाले. हैबतरावांनी तिथे नाव कमावलं, पैसाही कमावला. लष्करात राहिलेल्या माणसाला एक गोष्ट न शिकवता कळते. हजारो माणसं एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायची, तर नुसता उत्साह उपयोगाचा नाही. पुढे कोण, मागे कोण, मुक्काम कुठे, पाणी कुठे, हे आधी ठरलेलं लागतं. पुढे हीच विद्या त्यांनी देवाच्या कामाला लावली.

बऱ्याच वर्षांनी ते गावी परतायला निघाले. बरोबर कमाई होती. सातपुड्याच्या डोंगरात लुटारूंनी त्यांना गाठलं, धन लुटलं आणि सोबत्यांसह एका गुहेत कोंडून तोंडावर शिळा लावली, अशी कथा वारकरी पिढ्यान् पिढ्या सांगतात. गुहेत हैबतरावांनी हरिपाठाचा घोष सुरू केला. एकविसाव्या दिवशी त्या टोळीच्या नायकाला मुलगा झाला. त्या आनंदात शिळा बाजूला केली, तर आत हा माणूस अजून नामस्मरण करतोय! नायकाचं मन विरघळलं आणि त्याने सगळ्यांना सोडून दिलं. कथेतला चमत्कार कुणी मानावा, कुणी मानू नये. पुढे घडलं ते मात्र सगळ्यांसमोर आहे. हैबतराव आरफळला घरी जाऊन वतन सांभाळत बसले नाहीत. हा आपला दुसरा जन्म, तो माउलींचा, असं मानून ते थेट आळंदीला गेले आणि उरलेलं सगळं आयुष्य तिथेच राहिले. सरदार हैबतरावांचे हैबतबाबा झाले.

आळंदीत ज्ञानेश्वरांच्या समाधीसमोर पहाटेपासून रात्रीपर्यंतची पूजा, भजन, कीर्तन, जागर यांची घडी बसवण्यात त्यांचा मोठा वाटा. पण त्यांचं सर्वांत मोठं काम रस्त्यावरचं.

पंढरीची वारी त्यांच्या फार आधीपासून होती. ज्ञानदेवांच्या घराण्यातही वारी होती, असं परंपरा सांगते. १६८५ मध्ये तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी पालखीची प्रथा सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन ते आळंदीला यायचे, तिथे माउलींच्या पादुका घ्यायचे आणि दोन्ही एकाच पालखीतून पंढरपूरला जायच्या. पुढे दीडेकशे वर्षांनी मानपान आणि हक्क यांवरून वाद झाले. अशा वेळी माणसं एकतर भांडत बसतात, नाहीतर अंग काढून घेतात. हैबतबाबांनी तिसरी वाट धरली. १८३२च्या सुमारास त्यांनी माउलींची पालखी आळंदीहून स्वतंत्र न्यायला सुरुवात केली.

आता पालखी काढायची म्हणजे सरंजाम हवा. घोडे हवेत, तंबू हवा, नैवेद्याची सोय हवी. ही मदत केली अंकलीच्या शितोळे सरकारांनी. आपल्याकडच्या वाचकांना अंकली म्हटलं की कोल्हापूर-सांगली रस्त्यावरचं अंकली आठवेल. हे ते नव्हे. हे चिकोडी तालुक्यातलं, बेळगाव जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचंच अंकली. आजही माउलींचे अश्व तिथूनच निघतात आणि मिरज, सांगली, सातारा करत सुमारे ३०० किलोमीटर चालून आळंदीला पोचतात. म्हणजे सोहळा आळंदीचा, पण त्याचं एक पाऊल आपल्या शेजारून उचललं जातं! त्या घोड्यांपैकी एकावर स्वार असतो, हातात जरीपटका घेतलेला. दुसरा मोकळा, कारण त्यावर माउली बसलेले असतात, अशी भावना.

पण घोडे आणि तंबू पैशाने मिळतात. माणसं एकत्र चालवणं पैशाने होत नाही. हैबतबाबांनी वासकरांसारख्या फडकऱ्यांना बरोबर घेतलं आणि चालणाऱ्या समाजाला दिंड्यांच्या रूपात बांधलं. काळ कसा होता बघा. पेशवाई जाऊन पंधराएक वर्षं झाली होती. वाटेवर एकटादुकटा मागे राहिला, तर त्याचं काय होतं, हे हैबतबाबांना स्वतःच्या अनुभवाने माहीत होतं. मागे राहिलेल्या माणसाची काळजी त्यांच्या रचनेत दिसते, ती बहुधा त्या गुहेतूनच आली असावी, असं मला वाटतं.

ती रचना त्यांनी घालून दिली, पुढच्या पिढ्यांनी वाढवली आणि आजही ती चालते. बायकांनी तर ती नीट समजून घ्यावी, इतकी ती शहाणपणाची आहे.

पहिली गोष्ट म्हणजे दिंडी. लाखांच्या गर्दीत कुणी कुणाला ओळखत नाही, पण दिंडीतल्या शेदोनशे जणांत कोण दिसत नाही, हे लगेच कळतं. प्रत्येक दिंडीला क्रमांक आणि जागा ठरलेली. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या मागे. पुढच्याने पुढेच, मागच्याने मागेच. कुणी कुणाला ओलांडायचं नाही. दिंडीच्या आतही क्रम असतो. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात पखवाज, वीणेकरी, आणि तुळशी-हंडा घेतलेल्या बायका. पाऊल पडतं ते टाळाच्या ठेक्यावर. पायात जोर जास्त आहे म्हणून कुणाला पुढे पळता येत नाही, कारण ठेका सगळ्यांचा एक असतो. जोर जास्त असेल तर आवाजात काढ, उडीत काढ, पण रांग मोडू नकोस!

दुसरी गोष्ट म्हणजे थांबणं आणि निघणं. मुक्काम हलवताना तीन इशारे होतात. पहिला झाला की आवराआवर, दुसऱ्याला दिंड्या जागेवर लागतात, तिसऱ्याला पालखी निघते. यामुळे हळू आवरणाऱ्यालाही वेळ मिळतो. आणि ज्यांची पावलं खरोखरच जड आहेत, अशी म्हातारी माणसं काय करतात? ती पहाटे अंधारातच पुढे चालायला लागतात. दिंडीत न बांधलेल्या या मंडळींना ‘मोकळा समाज’ म्हणतात. पालखी मागून येते, त्यांना गाठते, कधी ती पुन्हा मागे पडतात आणि रात्री त्याच मुक्कामाला पोचतात. त्यांना कुणी कमी वारकरी म्हणत नाही.

यातलं मर्म सांगते. चार जणी मिळून चालायला निघतात तेव्हा भरभर चालणाऱ्या पुढे जातात, झाडाखाली बसतात, पाणी पितात, गप्पा मारतात. मागची धापा टाकत पोचते तेव्हा या म्हणतात, आली बाई एकदाची, चला! म्हणजे जिला सगळ्यात जास्त विसाव्याची गरज, तिलाच तो मिळत नाही. वेगवान बाईला दहा मिनिटं विश्रांती, थकलेलीला शून्य. यात कुणाच्या मनात वाईट नसतं. पण मागची बाई चौथ्या दिवशी यायची बंद होते. वारीत विसावे ठरलेले असतात, म्हणून शेवटून पोचणाऱ्यालाही टेकायला मिळतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. संध्याकाळी तळावर पालखी पोचली की सगळ्या दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात. याला समाजआरती म्हणतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार आपला दंड उंच करतात आणि क्षणात सगळं शांत! हजारो टाळ थांबतात. पण एखाद्या दिंडीवर दिवसभरात अन्याय झाला असेल, काही तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते. त्या शांततेत तेवढाच आवाज. चोपदार तिकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात, निवाडा होतो आणि मगच आरती. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचीही तिथेच घोषणा होते. बघा ना, तक्रार करणाऱ्याला ओरडावं लागत नाही की रुसून घरी जावं लागत नाही. बाकीच्यांनी गप्प व्हायचं, म्हणजे त्याचं ऐकू येतं. आपल्या किती घरांत, किती मंडळांत रोज संध्याकाळी अशी शांतता पाळली जाते?

मग वेगवान माणसाने काय कायम मन मारूनच चालायचं? तसंही नाही. धावणाऱ्यांसाठी या सोहळ्यात धावण्याच्या जागा आहेत. तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. पुढे पुरंदावड्याला, खुडूसला गोल रिंगणं होतात. गोल रिंगणात आधी पताकावाले धावतात, मग तुळशी-हंडा घेतलेल्या बायका, वीणेकरी, टाळकरी, पखवाजवाले, आणि शेवटी अंकलीचे ते दोन अश्व. ज्याच्या त्याच्या गटाची पाळी वेगळी. नऊवारीचा काष्टा मारून, डोक्यावर तुळस सावरत धावणाऱ्या बायका एकदा बघाच. घरात ज्यांना मोठ्याने हसायची सवय नसते, त्या तिथे वाऱ्यासारख्या पळतात! आणि रिंगण गोल, त्यामुळे तिथे पहिलं कोण आणि शेवटचं कोण, हा प्रश्नच उरत नाही.

वेळापूरच्या अलीकडे धावा असतो. तुकोबांना इथल्या टेकावरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. त्याची आठवण म्हणून तो उतार सगळे वारकरी पळत उतरतात. इतके दिवस एका लयीत चाललेली माणसं थोडा वेळ आपापल्या वेगाने मोकळी होतात. आणि उतार संपला की? पुन्हा दिंडी, पुन्हा टाळ, पुन्हा तोच ठेका. वेगाला बंदी नाही, त्याला जागा नेमून दिली आहे.

आज मोठ्या शहरांतच नव्हे, तर कोल्हापूर, सांगलीतही धावण्याचे गट निघालेत. हैबतबाबांच्या साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटातली अर्धमॅरेथॉन होते. मोठ्या शर्यतींमध्ये ठरावीक वेगाने धावणारा एक जण झेंडा घेऊन पळतो, त्याला पेसर म्हणतात. ज्याला तो वेग झेपतो, त्याने त्या झेंड्यामागे राहायचं. दक्षिण आफ्रिकेत १९२१ पासून कॉम्रेड्स नावाची सुमारे ९० किलोमीटरची शर्यत होते. तिथे अशा गटाला ‘बस’ म्हणतात. बारा तासांच्या आत पोचायचं असतं. हळू धावणारे एका चालकाच्या मागे एकत्र गाणी म्हणत, ठरलेल्या जागी चालत, पुन्हा पळत शेवटपर्यंत जातात. हे ऐकलं तेव्हा मला पताका आणि टाळच आठवले. एकट्याने जे झेपत नाही, ते ठेक्यात झेपतं, हे तिकडच्यांनाही कळलंय.

आता आपल्याकडे येते. आमच्या गावात गेल्या काही वर्षांत पहाटे फिरायला जाणाऱ्या बायका खूप वाढल्या. कुणाला साखर निघाली म्हणून, कुणाला डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, तर कुणी नुसतंच घराबाहेर मोकळा श्वास मिळतो म्हणून. श्रावणात रामलिंगाला पायी जाणाऱ्याही असतात. महिला मंडळाच्या कामामुळे माझा या बायकांशी रोजचा संबंध येतो. त्यात एक दिसतं. गट दहा जणींचा सुरू होतो आणि दोन महिन्यांत चार जणींचा उरतो. गळालेल्या सहा जणी कोण? ज्यांचं वजन जास्त, ज्यांची पाळी जायच्या वयातली दुखणी चाललेली, ज्यांना सून बाळंतीण असल्याने उशीर होतो, त्या. म्हणजे ज्यांना चालण्याची खरी गरज, त्याच. विचारलं तर सांगतात, वेळ होत नाही. खरं कारण त्या सांगत नाहीत. बाईला मागे राहिल्याची लाज वाटते आणि इतरांना आपल्यामुळे थांबावं लागतं, याची त्याहून जास्त.

आमच्यातल्या एक पासष्टीच्या मावशी अशाच यायच्या थांबल्या होत्या. मग आम्ही वारीची रीत धरली. मावशी आणि त्यांच्यासारख्या दोघी-तिघी पंधरा मिनिटं आधी निघतात. बाकीच्या मागून येतात, रस्त्यात त्यांना गाठतात. वळणावर सगळ्यांनी थांबायचं आणि शेवटची पोचल्यावर पाच मिनिटं बसायचं, तेव्हापासून वेळ मोजायची. दोघी तरण्या पोरी आहेत, त्यांना पळायचं असतं. त्यांना परतीचा मोकळा रस्ता दिलाय. पळा म्हटलं काय पळायचं ते! मावशी आता एक दिवस चुकवत नाहीत. हे काही आमचं डोकं नव्हे. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या सरदाराचं आहे.

कुणी म्हणेल, पोचायचंच असेल तर इतका खटाटोप कशाला? गाडीने जावं. तेही आपण पाहिलं. २०२० मध्ये कोरोनामुळे पायी वारी झाली नाही. आषाढीच्या आदल्या दिवशी, ३० जूनला, माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या. जी वाट चालायला अडीच-तीन आठवडे लागतात, ती काही तासांत संपली. पादुका पोचल्या, परंपरा राखली गेली, त्या प्रसंगी तेच योग्य होतं. पण त्या वर्षी वारी झाली, असं कुठल्याच वारकऱ्याला वाटलं नाही. बरोबर चालणं नसेल, तर नुसतं पोचणं अपुरं वाटतं.

हैबतबाबांनी हा सोहळा स्वतः फार वर्षं नेला नाही. १८३६ मध्ये त्यांनी आळंदीतच देह ठेवला. ज्याने माउलींची पालखी हजारो माणसांच्या खांद्यावर आणि मनात चढवली, त्या माणसाची समाधी कुठे असावी? आळंदीच्या मंदिराच्या महाद्वारात, पायरीशी! आत जाणारा प्रत्येक जण त्यांच्यापाशी वाकूनच पुढे जातो. कार्तिक वद्य अष्टमीला त्या पायरीचं पूजन झाल्याशिवाय माउलींचा संजीवन समाधी सोहळा सुरू होत नाही. सोहळ्याचे मालक म्हणून मान आजही आरफळकरांच्या घराण्याकडे आहे. पण खुद्द बाबा मात्र दारातच थांबले आहेत, सगळे आत गेले की नाही ते बघत असल्यासारखे. घरातली बाई नाही का, सगळ्यांची पानं वाढून झाली की नाही हे बघत शेवटपर्यंत उभी राहते, तसंच.

फक्त एक फरक आहे. आपल्याकडे शेवटी राहणारीकडे कुणी वळून बघत नाही, आणि तिथे मात्र पहिला नमस्कार त्यांना असतो.

या आषाढीला पंढरपूरला जाणं सगळ्यांनाच जमेल असं नाही. कोल्हापूरहून नंदवाळला दिंडी जाते, पुईखडीला रिंगण होतं, तिथे जाता येईल. तेही जमलं नाही, तर पहाटे आपल्या गल्लीतून फिरायला निघताना एकदा मागे वळून बघा. कोण राहिलंय, ते बघा आणि ती पोचेपर्यंत थांबा. ती आली की लगेच निघू नका. तिला थोडं बसू द्या.